आपल्या अक्षांशाचं आकाश



पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेला अगस्त्य सर्वांत उंच चढतो, तेव्हा तोही एकोणीस अंशांच्या आसपासच पोचतो. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य आणि दोघंही जवळपास सारख्या उंचीवर, हे दृश्य पुण्याच्या मुलांच्या वाट्याला आलं आहे. बॉस्टनच्या मुलांना ते कधीच दिसत नाही, कारण तिथे अगस्त्य उगवतच नाही. पण शाळेच्या सभागृहात फुगवलेल्या घुमटात अमेरिकेत बनलेली तयार फिल्म लावली, तर पुण्याच्या मुलांनाही बॉस्टनचंच आकाश दिसतं. ध्रुव बेचाळीस अंशांवर चढलेला असतो, अगस्त्य बेपत्ता असतो आणि आपल्याला काय दिसायला हवं होतं हे कोणी सांगत नाही.

या व्यासपीठावरून आज जे मांडायचं आहे, ते या फरकाशी बांधलेलं आहे. फिरतं डिजिटल तारांगण हे शिक्षकाने हाताने चालवायचं साधन आहे. त्याचा सिनेमा केला, की त्याच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वापराविना पडून राहते.

अक्षांशाचा हा प्रश्न तारांगणाच्या जन्मापासूनचा आहे. म्यूनिकच्या डॉइचेस म्यूझियमसाठी ऑस्कर फॉन मिलर यांना आकाश दाखवणारं यंत्र हवं होतं. येना इथल्या झाइस कंपनीतले अभियंते वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी ते घडवलं. १९२३ साली कारखान्याच्या गच्चीवरच्या घुमटात ते पहिल्यांदा चाललं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्यूनिकला दाखवलं गेलं. साडेचार हजार तारे दाखवणारं ते यंत्र पाहणाऱ्यांना थक्क करून गेलं. मात्र ते दाखवू शके ते म्यूनिकचंच आकाश. पृथ्वीवरच्या कोणत्याही अक्षांशावरून दिसणारं आकाश दाखवायचं, तर झाइसला दोन्ही टोकांना तारकागोल असलेलं नवं यंत्र तयार करावं लागलं. जर्मन कारागिरांना ज्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, ते आज लॅपटॉपवर गावाचं नाव टाकलं की क्षणात होतं. ही सोय हाताशी असताना परक्या गावाचं आकाश दाखवणं हा मुलांवर अन्याय आहे.

झाइसचं यंत्र मोठ्या शहरांनाच परवडणारं होतं. १९४७ मध्ये अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ यांनी बारा पंचकोनी बाजूंच्या पोकळ ठोकळ्याला भोकं पाडली, आत दिवा लावला आणि पाचशे डॉलरमध्ये तारांगण विकायला काढलं. शाळेला परवडेल अशा आकाशाची ती सुरुवात होती. महाराष्ट्रात शाळेचं तारांगण १९५४ सालीच उभं राहिलं, तेही पुण्याच्या टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये. मुंबईचं वरळीचं नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झालं, म्हणजे शाळेने महानगराला तेवीस वर्षं मागे टाकलं होतं. ही गोष्ट अभिमानाने सांगायलाच हवी.

१९७७ हेच वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. त्या साली अमेरिकेत फिलिप सॅडलर यांनी 'स्टारलॅब' तयार केलं. कापडी घुमटात पंख्याने हवा भरायची, मधोमध दिवा ठेवायचा आणि त्यावर ताऱ्यांची नक्षी असलेली नळकांडी बसवायची. तारांगण गाडीत घालून शाळेच्या दारात नेणं शक्य झालं ते इथून. हेच सॅडलर पुढे 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या १९८७ सालच्या माहितीपटाच्या निर्मात्यांपैकी एक होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना, माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना ऋतू का बदलतात, यासारखे साधे प्रश्न विचारले गेले. तेवीसपैकी एकवीस जणांची उत्तरं चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, असं बहुतेकांनी ठामपणे सांगितलं. मुलांपर्यंत आकाश नेणाऱ्या माणसानेच हेही जगापुढे ठेवलं, की सुंदर चित्र पाहून आणि वर्गात ऐकून मनातली चुकीची समजूत जात नाही. फिरतं तारांगण विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने सॅडलर यांची ही दोन्ही कामं एकत्र पाहावीत.

आता यंत्राविषयी. डिजिटल तारांगणाची सुरुवात १९८३ साली अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये 'डिजिस्टार'ने झाली; तो संगणक शाळेच्या आवाक्यातला नव्हता. आजच्या फिरत्या संचात लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि त्यापुढे बसवलेलं फिशआय भिंग असतं. खर्च आणखी कमी करायचा, तर ऑस्ट्रेलियात पॉल बोर्क यांनी रुळवलेली युक्ती आहे. प्रोजेक्टरचा झोत घुमटाच्या कडेला ठेवलेल्या बहिर्वक्र आरशावर टाकायचा आणि आरशामुळे होणारी वेडीवाकडी विकृती संगणकाने आधीच उलटी करून ठेवायची. 'स्टेलॅरियम' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, जे फाबियाँ शेरो यांनी लिहायला घेतलं, ही सोय आहे.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सहसा न येणारं एक गणित शिक्षकांनी स्वतः करून पाहावं. साध्या फुल एचडी प्रोजेक्टरच्या चित्राची उंची १०८० बिंदूंची असते. फिशआय भिंगातून जाणारं आकाश गोल असतं, म्हणून त्याचा व्यासही १०८० बिंदूंचाच राहतो. त्यात एकशे ऐंशी अंशांचं आकाश बसवायचं, म्हणजे एका अंशाला सहा बिंदू आले. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. त्याला या घुमटात मिळतात फक्त तीन बिंदू. फोर-के प्रोजेक्टर घेतला, तरी सहाच. नजर चांगली असलेल्या डोळ्याला अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो, त्यापुढे हे चित्र बरंच भरड आहे. शिवाय प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, करडा असतो. जुन्या स्पिट्झच्या भोकातून पडणारा तारा या बाबतीत आजही सरस ठरतो.

मग डिजिटल संच कशासाठी घ्यायचा? काळ आणि जागा हलवता येतात म्हणून. त्याचं बळ ताऱ्याच्या धारदारपणात शोधणं व्यर्थ आहे.

एक उदाहरण पुरेसं होईल. दुपारी बारा वाजता सूर्य रोज डोक्यावर येतो, असं अनेक मुलं मानतात, आणि मोठी माणसंही. पुण्यात तो वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. पहिला शून्य सावली दिवस सुट्टीत जातो, दुसरा ढगांत. घुमटात मात्र शिक्षकाने मध्यान्हीची वेळ धरून तारीख पुढे पुढे सरकवली, की मुलांना दिसतं: २२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडे अठ्ठेचाळीस अंशांवर, मेमध्ये डोक्यावर आणि २१ जूनला चक्क किंचित उत्तरेकडे. त्या क्षणी थांबायचं, आणि 'सावली आता कुठल्या बाजूला पडेल?' असं विचारायचं. उत्तर लगेच सांगायचं नाही. मुलांना हात वर करून सूर्याची वाट हवेत आखायला लावायची. ज्युलिया प्लमर यांनी अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांसाठी नेमका असा तारांगणपाठ आखला होता. सूर्य-चंद्राची भासमान वाट हाताने दाखवता दाखवता मुलांची समज सुधारली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमिन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसोबत केलेल्या कामातही हातवारे हा प्रतिकृती आणि आकृती यांना जोडणारा दुवा ठरला. बोलक्या फिल्मपुढे गप्प झोपलेल्या मुलांना हे करायला कोणी सांगत नाही.

पावसाळ्याचंही तसंच. वृश्चिक आणि धनु हा आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग रात्रीच्या पहिल्या प्रहरात वर असतो तो जून ते ऑगस्टमध्ये, आणि महाराष्ट्रात नेमके तेव्हा ढग. उन्हाळ्यात तो पाहायचा, तर मध्यरात्रीनंतर उठावं लागतं. ज्येष्ठा, मूळ ही नावं पंचांगात नेहमी वाचली जातात. ते तारे संध्याकाळच्या आकाशात पाहिलेली मुलं मात्र विरळाच. हा पाठ घुमटानेच द्यायला हवा.

दुसरा मुद्दा नावांचा आणि चित्रांचा. मृगावर शिकारी ओरायन आणि सप्तर्षींवर अस्वल ही चित्रं सॉफ्टवेअरसोबत आयती मिळतात. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्ये जाऊन तिथलं ताऱ्यांचं ज्ञान नोंदवलं आहे. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. तिथे सप्तर्षींच्या चौकोनात खाट दिसते, मृगाच्या ताऱ्यांत नांगर दिसतो. स्टेलॅरियममध्ये वेगवेगळ्या संस्कृतींच्या आकृती घालता येतात, त्यात ही खाट आणि हा नांगर घालणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. गडचिरोली-चंद्रपूरच्या आश्रमशाळेत घुमट उभा राहील, तेव्हा आजोबांनी दाखवलेले तारे मुलांना त्यात सापडले पाहिजेत. विज्ञान त्याने पातळ होत नाही. मुलाला आकाशात ओळखीची एक जागा मिळते आणि तिथून पुढचं मोजमाप सुरू करता येतं.

अडचणीही स्पष्ट सांगायला हव्यात. पाच मीटरचा घुमट साधारण पंचवीस-तीस मुलांना पुरतो. पट साडेतीनशेचा असेल, तर एका दिवसात सगळी शाळा उरकण्याच्या नादात प्रत्येक तुकडीला पंधरा मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात आधी सांगितलेला पाठ होत नाही. दोन दिवस थांबावं, किंवा निम्मीच मुलं घ्यावीत. वीज गेली, की पंखा थांबतो आणि कापड खाली येतं, म्हणून पंख्यापुरता तरी बॅटरीचा आधार आणि चटकन उघडणारी वाट हवीच. कापड आग न धरणारं आहे, याची खात्री खरेदीपूर्वी व्हावी. चाकाच्या खुर्चीतलं मूल आत कसं येईल, हा प्रश्न घुमट शिवून घेतानाच सोडवावा. बुटक्या बोगद्यासारखं दार त्या मुलाला बाहेर ठेवतं.

निधीची विभागणीही बदलायला हवी. देणगीदार यंत्र देतात, कोनशिलेवर नाव येतं आणि संच दोन वर्षांत कपाटात जातो, कारण चालवायला शिकलेली व्यक्ती बदलून गेलेली असते. प्रत्येक संचामागे किमान दोन शिक्षक तयार व्हावेत, त्यांना वर्षातले काही दिवस कामातून मोकळीक मिळावी आणि प्रवासखर्च आधीच बाजूला ठेवावा. मराठीत लिहिलेले, आपल्या अक्षांशाचे, प्रश्न विचारत पुढे जाणारे पाठ या अधिवेशनातल्या शिक्षकांनी मिळून तयार करावेत आणि कोणालाही मोफत वापरता येतील असे ठेवावेत. सुरुवातीला चार पाठ पुरे आहेत: सूर्याची वर्षभराची वाट, चंद्राच्या कला, ध्रुव आणि अगस्त्य यांच्या उंचीवरून अक्षांश आणि पावसाळ्यातलं झाकलेलं आकाश. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. त्या भागातल्या शाळांपासून सुरुवात केली, तर दुपारी घुमटात मोजलेली ध्रुवाची उंची त्याच रात्री उघड्या आकाशात मुलांना स्वतः पडताळता येईल. या कामासाठी नावं देण्याची वही सभागृहाच्या दारापाशी ठेवली आहे.