इंग्रजी शब्दांचा जलप्रवास

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपली पुष्कळ मुले गणितात तरतात आणि इंग्रजीत बुडतात. ही परक्यांची भाषा, ती आपल्याला कशी येणार, असे ती आधीच धरून चालतात. ती तितकी परकी नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. उदाहरणे होडी आणि जहाजावरची घेतो. कारण कोकणात दर्या कोणाला नवा नाही.

आरमाराच्या प्रमुखाला ‘ॲडमिरल’ म्हणतात. ‘अमीर-अल-बहर’, म्हणजे समुद्राचा अमीर, यासारख्या अरबी पदव्यांतून हा शब्द निघाला. युरोपात जाताना ‘बहर’ गळाला, ‘अल’ तेवढा चिकटून राहिला. ‘मान्सून’ म्हणजे अरबी ‘मौसिम’, ठरावीक ऋतू. याच वाऱ्यांवर शिडे उभारून अरब नाखवे आपल्या किनाऱ्याला येत. पोर्तुगिजांच्या तोंडून तो इंग्रजीत गेला. आपला ‘मोसम’ त्याचाच सख्खा भाऊ. लहान होडीला इंग्रज ‘डिंगी’ म्हणतात, ती हिंदी-बंगालीतली. ‘कॅटमरान’ हे तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे.

जुन्या जहाजांवर सुकाणू धरणाऱ्याला इंग्रज ‘सीकनी’ म्हणत. तो फारसी ‘सुक्कानी’. मूळ अरबी ‘सुक्कान’, म्हणजेच आपले सुकाणू. आपल्या आजोबा-पणजोबांनी बोटीवर नोकऱ्या केल्या. त्यांतले कित्येक पगार घेताना अंगठा उठवीत. पण त्यांचे सारंग आणि तांडेल हे हुद्दे ‘सेरंग’ आणि ‘टिंडल’ होऊन इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले. आणि शाळेत शिकलेली त्यांची नातवंडे त्याच शब्दकोशाला भितात, याला काय म्हणावे?

अस्सल इंग्रजी शब्दही घोकण्यापेक्षा उकलून पाहावेत. जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. त्यात तारा कुठेच नाही. पूर्वी सुकाणूचे वल्हे उजव्या अंगाला असे आणि ‘स्टिअर’ म्हणजे वळविणे, त्यावरून हे नाव पडले. ते वल्हे धक्क्यावर आपटू नये म्हणून डावी बाजू बंदराला लावीत, ती ‘पोर्ट’. जहाजाचा वेग ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्ये सांगतात. लाकडाची फळी पाण्यात सोडीत. तिच्या दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूच्या घड्याळातील वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजीत. ती फळी म्हणजे ‘लॉग’ आणि तिच्या नोंदीची वही ती ‘लॉगबुक’. एकदा हे कळले की शब्द विसरत नाही.

शेवटी दोन शब्द. ‘अपॉर्च्युनिटी’, म्हणजे संधी. मूळ लॅटिन शब्द बंदराकडे नेणाऱ्या वाऱ्याशी निगडित आहे. मुलामुलींनो, तो वारा सुटतो तेव्हा शीड तयार हवे. दुसरा शब्द ‘गव्हर्न’. त्याचे मूळ ग्रीक, अर्थ सुकाणू धरणे. म्हणून आपल्या गव्हर्निंग कौन्सिलला माझी विनंती : प्रत्येक वर्गात शब्दांची व्युत्पत्ती देणारा एक चांगला इंग्रजी शब्दकोश ठेवावा, आणि रोज एक शब्द फळ्यावर उकलून लिहावा. खर्च थोडा आहे. मुलांची भीती मात्र पुष्कळ कमी होईल.