रेंज आहे, मग चेहरा का दिसत नाही?

किनवट-माहूरच्या डोंगरात असो की निलंग्याकडच्या एखाद्या गावात, व्हिडिओ कॉल अडकला की आपण रेंजला शिव्या देतो. बहुतेक वेळा त्या तिला लागूही पडतात. पण रेंज भरपूर आणि तरी पडदा काळा, असं झालं तर ब्राउझरकडे बघा. म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी. ज्यातून आपण इंटरनेट उघडतो ते.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला राहिलेली मुलं आपापल्या गावी गेली आणि वर्ग फोनवर आला. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारची ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं ती तयार केली. ब्राउझर उघडायचा आणि घरबसल्या डॉक्टरांशी बोलायचं.

ब्राउझरला असं बोलतं करणारं तंत्र म्हणजे वेबआरटीसी. गूगलनं 2011मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. 2013च्या फेब्रुवारीत क्रोम आणि फायरफॉक्स एकमेकांशी बोलले. मग घोडं अडलं ते चित्र आवळून पाठवण्याच्या पद्धतीवर. एक पद्धत फुकट, तर दुसरीवर पेटंटचे पैसे. नाव तंत्राचं, भांडण पैशाचं! अखेर 2014मध्ये तोड निघाली, की ब्राउझरला दोन्ही पद्धती यायलाच हव्यात. सफारी या तंत्रात 2017मध्ये आली. इंटरनेट एक्सप्लोरर मात्र शेवटपर्यंत आलाच नाही. आयफोनवर तर 2020च्या डिसेंबरपर्यंत क्रोम घेतलं तरी वेबसाइटला कॅमेरा मिळायचा नाही. त्यासाठी सफारीच उघडावी लागे. या तंत्राला जागतिक मानक म्हणून मान्यता मिळाली 26 जानेवारी 2021 रोजी, नेमकी आपल्या प्रजासत्ताक दिनी.

आता सगळे प्रमुख ब्राउझर हे काम करतात. अडचण येते ती जुन्या फोनवर वर्षानुवर्षे अपडेट न केलेल्या ब्राउझरची. किंवा दुसऱ्याच एखाद्या अ‍ॅपच्या आत उघडलेल्या लिंकची. तीच लिंक क्रोममध्ये उघडली की बरेचदा काम होतं. तिसरं कारण आपलंच बोट. कॅमेरा-माइकची परवानगी विचारली, की घाईत आपण नकार दाबतो आणि ब्राउझर तो लक्षात ठेवतो. सेटिंगमध्ये जाऊन ती परत देता येते.

तेव्हा डॉक्टरांची वेळ घेतली असेल, तर आदल्या दिवशीच ब्राउझर अपडेट करून ठेवा. आणि कॅमेऱ्याची परवानगी ओळखीच्या पत्त्यालाच द्या, भलत्या लिंकला नको.