सल्ला बाईला, जबाबदारी कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त महिला मंडळाने भरविलेल्या सभेतील भाषण)



मंडळाने आम्हाला विषय दिला, 'नोकरी करणाऱ्या मुलींना मार्गदर्शन'. खरे सांगायचे तर मार्गदर्शनाला तोटा नाही. मुलगी नोकरीला लागली रे लागली की चाळीतल्या मावशीपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत जो तो तिला सांगायला लागतो. धीट हो, पण उलट बोलू नको. हसून वाग, पण फार हसू नको. पगार मागून घे, पण मिळालेली नोकरी टिकव. घर सांभाळून कर. लग्नाचं आधी सांगू नको. एक वही भरेल एवढे सल्ले! म्हणून आम्ही आज त्यात आणखी एकाची भर घालणार नाही. जे सल्ले सर्रास दिले जातात तेच पारखून घ्यावेत, एवढे मांडणार आहोत.

आम्ही काही पदवीधर वक्ते नाही. १९८९ साली बदली कामगार म्हणून मिलच्या गेटवर उभे राहिलो, पुढे साळखात्यात लागलो. वाचायची गोडी लागली ती युनियनच्या कचेरीत आणि या विहाराच्या वाचनालयात. मिल बंद पडली. गिरणगावात जिथे भोंगे वाजायचे तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि आपल्या वस्तीतल्या मुली तिथेच काउंटरवर, हाउसकीपिंगला, रात्रीच्या कॉल सेंटरला जातात. तेव्हा विषय आम्हाला परका नाही.

सल्ला तपासायची आमची रीत साधी आहे. तीन प्रश्न विचारावेत. हाच सल्ला तिच्या शेजारी काम करणाऱ्या पुरुषाला देतात का? तो पाळायचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो? आणि तो दिल्यामुळे जबाबदारीतून कोण सुटतो?

पहिला सल्ला घ्या : 'गिऱ्हाइकासमोर हसतमुख उभी राहा.' आम्हीही साळखात्यात पाळीच्या पाळ्या उभ्याने काढल्या, पण हसत उभे राहा असे आम्हाला कोणी सांगितले नाही! केरळात कापडाच्या मोठ्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर बसायची मुभा नव्हती. लघवीला जाता येत नाही म्हणून त्या पाणीसुद्धा कमी प्यायच्या. त्यांना कोणी 'पायाचे व्यायाम करा' असे सांगितले असते तर त्या अजून उभ्याच असत्या. त्या संघटित झाल्या, वर्षानुवर्षे भांडल्या, आणि २०१८ साली केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बसायला जागा देणे मालकावर बंधनकारक केले. तामिळनाडूनेही २०२१ साली तेच केले. खुर्ची मिळाली ती कायद्याने.

दुसरा सल्ला : 'धीट हो, स्वतःसाठी माग.' ऐकायला गोड आहे. पण ठेकेदाराकडची मुलगी एकटी साहेबाच्या केबिनमध्ये गेली तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी असते. धीटपणा वाईट नाही, बरं का. पण एकटीचा धीटपणा ठेकेदाराला स्वस्तात पडतो. २०१६ साली पी.एफ.मधला मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही असा नियम आला. एप्रिल महिन्यात बंगळूरच्या कपडे शिवणाऱ्या हजारो कामगार रस्त्यावर उतरल्या, त्यांत बहुतेक बायका. दोन दिवसांत केंद्र सरकारला नियम मागे घ्यावा लागला. त्यातली प्रत्येक बाई एकेकटी अर्ज घेऊन गेली असती तर काय झाले असते, याचा विचार तुम्हीच करा.

तिसरा सल्ला सर्वांत जुना : 'बाळंतपण नोकरीच्या आड येऊ देऊ नका.' याचा इतिहास नीट समजून घेतला पाहिजे. एके काळी मुंबईच्या मिलमध्ये वाइंडिंग आणि रिलिंग खात्यात बायकांची मोठी संख्या होती. नायकिणीच्या मर्जीवर नोकरी असायची. बाई बाळंतपणाला गेली की जागा गेली. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. बाईने आपले शरीर मिलच्या घड्याळाला जुळवून घ्यावे, असे ते म्हणाले नाहीत. १९२९ साली कायदा झाला, पण खर्च मालकावर राहिला. पुढे नवी यंत्रे आली, आणि मिलमधल्या बायका वर्षागणिक कमी होत गेल्या.

तो पेच आजही सुटलेला नाही. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते घेतले आहे. चांगलेच झाले. परंतु जिथे ई.एस.आय. नाही तिथे रजेचा पगार मालकाच्याच खिशातून जातो. मग मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' हा प्रश्न येतो, आणि मुलीला सल्ला मिळतो की खरे सांगू नको! अहो, खोटे बोलायची पाळी मुलीवर का यावी?

या सल्ल्याचे टोक कुठे जाते तेही बघा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की पैसे कापतात. मग 'पिशवी काढून टाक, कटकट मिटेल' असे बाईला सांगितले जाते. बीड जिल्ह्यातील या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वाढला की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा माफ करायचा सोडून बाईचे गर्भाशय काढायचे, हा कुठला न्याय?

चौथा सल्ला : 'घर आणि नोकरी यांचा तोल सांभाळ.' सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात. पुरुषाची ९७, आणि तीही जो करतो त्याची. करणारे पुरुष शंभरात २६! म्हणजे बाईची ही पाच तासांची दुसरी पाळी झाली. तिला ना हजेरी, ना ओव्हरटाइम. तराजूच्या एका पारड्यात सगळे वजन टाकायचे आणि तोल तिने सांभाळायचा. बंधूंनो, हा सल्ला तिला देऊ नका. घरी जाऊन भांडी घासा.

पाचवा सल्ला फार घातकी : 'दुर्लक्ष कर, तक्रार करू नको, नाव खराब होईल.' राजस्थानातील भंवरीदेवी सरकारी योजनेत साथिन होत्या. बालविवाह थांबवणे हे त्यांचे काम. ते केले म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत. १९९५ साली खालच्या कोर्टाने आरोपी बलात्काराच्या आरोपातून सोडले, तरीही त्या आणि महिला संघटना मागे हटल्या नाहीत. त्यातूनच १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ चा कायदा झाला. आज जिथे दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. जिथे दहा नाहीत तिथल्या, आणि धुणीभांडी करणाऱ्या भगिनींसाठीही, जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, हे ध्यानात ठेवा. एका गरीब कुंभार बाईने सल्ला मोडला म्हणून हे सर्वांना मिळाले.

सगळेच सल्ले टाकाऊ, असे आमचे म्हणणे नाही. शिका, कॉम्प्युटर शिका, इंग्रजी शिका, स्वतःच्या नावावर बँकेत खाते ठेवा, हे जरूर ऐका. अशा सल्ल्याने बाईच्या हातात काहीतरी येते. पण ज्या सल्ल्याने मालक, ठेकेदार, सरकार आणि घरातला पुरुष सगळे मोकळे सुटतात आणि बदलायचे ते फक्त बाईने, तो सल्ला परत करावा.

शेवटी विहार समितीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, महिन्यातून एका रविवारी नोकरी करणाऱ्या भगिनींनी नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि पी.एफ.चा हिशेब घेऊन इथे बसावे. वाचून द्यायला आम्ही येऊ. दोन, आपल्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समितीचा फलक आहे की नाही हे प्रत्येकीने पाहून यावे. नसेल तर पत्र मंडळाच्या नावाने जाईल, एकटीच्या नावाने नाही. तीन, विहाराची मागची खोली दिवसा रिकामी असते. तिथे पाळणाघर सुरू करावे, आणि ते चालवायच्या कामात पुरुषांचीही पाळी लावावी. पहिल्या आठवड्याची पाळी आमची लिहून घ्या.