रिकामी बोट



बाजारच्या दिवशी मेथीची जुडी सकाळी ज्या भावाने जाते, त्या भावाने ती दिवेलागणीला जात नाही. तरी पण उरलेली जुडी घरी नेता येते, तिची भाजी करता येते, अगदीच काही नाही तर गुरापुढे टाकता येते. एस.टी.च्या गाडीतल्या रिकाम्या जागेचे तसे नाही. गाडी स्टँडवरून हलली की ती जागा गेली. तिचे तिकीट उद्या विकता येत नाही. डिझेल मात्र तेवढेच जळते आणि ड्रायव्हर-कंडक्टरचा पगारही तेवढाच द्यावा लागतो. आगबोट, विमान, थंड हवेच्या ठिकाणचे हॉटेल, हे सारे धंदे या एका रिकाम्या जागेच्या धाकात चालतात. आपल्या माथेरानच्या घोडेवाल्याला हे कुणी शिकवायला नको. गिऱ्हाईक नसले तरी घोड्याचे खाणे चालूच!

मौजेखातर समुद्रावर महिना-महिना हिंडावयाचे, ही श्रीमंतांची हौस आपण ऐकून आहोत. पण हा धंदा हौसेतून उभा राहिला नाही. तो रिकाम्या बोटींच्या काळजीतून उभा राहिला. ज्याने तो उभा केला त्या माणसाची हकीकत आज सांगावयाची आहे.

गुरुजी मंडळींनी युरोपचा नकाशा पुढे घ्यावा. जर्मनीच्या उत्तरेस एल्ब नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखापासून शंभराहून थोडे अधिक किलोमीटर आत हँबुर्ग हे बंदर आहे. तेथे १८५७ साली आल्बर्ट बालिन याचा जन्म झाला. ज्यू घराणे, मोठ्या खटल्यातले शेंडेफळ. वडील अडत्याचे काम करीत. पण ही अडत धान्याची नव्हे, माणसांची. देश सोडून अमेरिकेला जाणाऱ्या गोरगरिबांना तिकिटे मिळवून द्यावयाची आणि त्यावर दलाली घ्यावयाची. १८७४ साली वडील वारले आणि ती पेढी सतरा वर्षांच्या पोराच्या अंगावर पडली.

त्या काळी युरोपातून अमेरिकेकडे माणसांचा लोंढाच लागला होता. जमीन पुरेनाशी झालेले शेतकरी, काम सुटलेले कारागीर, रशियात जिवाला धोका असलेले ज्यू लोक, सारे बोचकी बांधून बंदरावर येत. बालिनने पाहिले की मालवाहू बोटी अमेरिकेतून येताना भरून येतात, पण जाताना त्यांच्यात जागा मोकळी राहते. १८८१ साली त्याने कार नावाच्या बोटमालकाशी बोलणे केले आणि मालाच्या जागेत उतारूंची सोय करविली. जाताना माणसे, येताना माल. बोटीवर वरच्या वर्गाचे शेठलोक नसल्यामुळे या गरीब उतारूंना सगळ्या डेकवर फिरण्याची मुभा होती. इतर बोटींवर त्यांना तेवढे भाग्य कोठले!

भाडे उतरले आणि गिऱ्हाईक वळले. त्याच बंदरातल्या हँबुर्ग-अमेरिकन या मोठ्या कंपनीच्या पोटावर त्यामुळे पाय आला. शेवटी १८८६ साली कंपनीने तडजोड केली आणि या पोरालाच आपल्या उतारू खात्याचा प्रमुख नेमले. व्यापारात वैऱ्याला नोकरीवर ठेवणे हाच पुष्कळदा स्वस्त मार्ग असतो. पुढे १८९९ मध्ये तो कंपनीचा मुख्य अधिकारीच झाला.

आता मोठ्या बोटी आल्या. १८८९ साली ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही वेगवान आणि सजवलेली आगबोट पाण्यावर आली. उन्हाळ्यात तिला जागा पुरत नसे. हिवाळ्यात मात्र उत्तर अटलांटिकवर वादळे, बर्फ आणि धुके. पैसेवाला मनुष्य तेव्हा घरी शेगडीशी बसतो. बोट धक्क्याला बांधून ठेवली तरी कप्तानाचा पगार चुकत नाही, भांडवलाचे व्याज चुकत नाही आणि गंज तर बसल्या जागी लोखंड खातो.

बालिन म्हणाला, बोट ऊन असेल तिकडे नेऊ. संचालक मंडळींना हे वेड वाटले. पोहोचावयाचे कोठेच नाही, जेथून निघावयाचे तेथेच परत यावयाचे, अशा प्रवासाला पैसे कोण देणार? पण २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेन बंदरातून ती बोट २४१ उतारू घेऊन निघाली, आणि बालिन स्वतः बरोबर गेला. जिब्राल्टर, इजिप्त, यरुशलेमला जाण्यासाठी जाफा, पुढे कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, असा सुमारे दोन महिन्यांचा फेरा झाला. इंग्रजांच्या पी. अँड ओ. कंपनीने १८४४ सालीच भूमध्य समुद्राच्या सहलीची तिकिटे विकली होती, हे खरे. पण पडून राहणाऱ्या बोटीला हिवाळ्यात काम लावावयाचे, हा हिशेब बालिनने पक्का केला. नंतर दरसाल अशा सफरी निघू लागल्या आणि इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरविला. १९०० साली तर त्याने केवळ सफरीसाठीच ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ ही बोट बांधविली. ती १९०६ मध्ये जमैकाजवळ खडकावर चढून फुटली. उतारू वाचले, कप्तानाने स्वतःला गोळी घालून घेतली.

येथे एक गोष्ट डोळ्याआड होऊ देता कामा नये. वरच्या मजल्यावरचे गालिचे आणि बँड वर्तमानपत्रांत छापून येत. पण कंपनीची तिजोरी भरे ती मुख्यतः तळमजल्यावर दाटीने झोपणाऱ्या देशांतर करणाऱ्यांच्या तिकिटांनी. १८९२ साली हँबुर्गमध्ये कॉलऱ्याची साथ आली आणि ८,००० हून अधिक माणसे दगावली. शहर नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारच्या आल्टोना गावात तेच पाणी वाळूतून गाळून घेत. तेथे साथ फारशी पसरली नाही. आळ मात्र आला परक्या उतारूंवर.

पुढे १९०१ साली बालिनने शहराबाहेर त्यांच्यासाठी मोठी वसाहत बांधली. झोपण्याचे हॉल, स्नानगृहे, दवाखाना, ज्यू लोकांसाठी निराळा स्वयंपाक, ख्रिस्ती आणि ज्यू अशा दोघांसाठी प्रार्थनेची जागा. यात दया किती आणि व्यवहार किती? अमेरिकेने रोगी म्हणून नाकारलेला उतारू कंपनीला स्वखर्चाने परत आणावा लागे, तेव्हा व्यवहार होताच. पण खाट स्वच्छ होती आणि अन्न गरम होते, हेही तितकेच खरे.

बोटीच्या धंद्याला शांतता लागते. जर्मन बादशहाच्या ओळखीतला हा मनुष्य इंग्लंड-जर्मनीचे आरमारी वैर मिटावे म्हणून खटपट करीत होता. जुलै १९१४ मध्ये तो लंडनला जाऊनही आला. त्याचा काही उपयोग झाला नाही. महायुद्धात कंपनीच्या बोटी अडकून पडल्या आणि तिच्या तीन प्रचंड बोटी अखेरीस इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या हाती गेल्या. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, ज्या दिवशी जर्मनीची बादशाही संपली त्याच दिवशी, झोपेच्या औषधाच्या अतिसेवनाने बालिनचा मृत्यू झाला.

दुसरा रिकामेपणा आला तो आकाशातून. ऑक्टोबर १९५८ मध्ये इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या जेट विमानांची अटलांटिकवरून उतारू-वाहतूक सुरू झाली. बोटीला पाच दिवस लागत तेथे काही तासांत काम होऊ लागले. आता हिवाळाच काय, बाराही महिने बोटी रिकाम्या! विमानवाल्यांनाही रिकाम्या खुर्चीची भीती आहेच. म्हणून तर एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी निरनिराळे भाडे दिलेले असते, आणि काही वेळा जागांपेक्षा जास्त तिकिटे विकून ठेवतात.

फ्रेंचांनी हे ओळखायला उशीर केला. त्यांची ‘फ्रान्स’ ही हजार फुटांहून लांब बोट १९६२ साली अटलांटिकवर धावू लागली, आणि १९७४ मध्ये तोटा सोसवेना म्हणून बांधून ठेवावी लागली. १९७९ साली एका नॉर्वेजियन मालकाने ती घेतली, ‘नॉर्वे’ असे नाव दिले आणि बालिनचाच उपाय केला: अमेरिकेतील मायामीहून ऊबदार कॅरिबियन समुद्रात सफरी. कोठे पोहोचण्याची घाई नसल्यामुळे तिची निम्मी यंत्रे काढून टाकली. वेग विकायचा नव्हता, वेळ विकायचा होता.

आणि तळमजला? देशांतर करणारे उतारू गेले. तेथे आता खलाशी, आचारी, खोल्या झाडणारे राहतात. पुष्कळ बोटी बहामा किंवा पनामा या देशांच्या झेंड्याखाली नोंदवितात, म्हणजे मालकाच्या देशाचे मजुरीचे कायदे लागत नाहीत. या नोकरांत फिलिपाइन्सचे लोक आहेत, तसे गोव्याचे आणि कोकणचेही आहेत. २०२० साली साथीमुळे सफरी बंद पडल्या तेव्हा उतारू आधी उतरले. आपली मुले मुंबईचा किनारा डोळ्यांना दिसत असता बोटीवर अडकून पडली होती.

‘नॉर्वे’चा बॉयलर मे २००३ मध्ये मायामीला फुटला आणि आठ कामगार गेले. पुन्हा उतारू तिच्यावर चढले नाहीत. ‘ब्लू लेडी’ असे तिसरे नाव घेऊन २००६ साली ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्याला लागली. तेथे भरतीचे पाणी फार चढते, त्यावर बोट जमिनीवर आणून बसवितात आणि माणसे तिच्यावर चढून कापू लागतात. हिच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस होते, ज्याची धूळ फुप्फुसात बसते. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दावा चालला, आणि सप्टेंबर २००७ मध्ये अटी घालून तोडण्याची परवानगी मिळाली. अलंगचे पोलाद आसपासच्या रोलिंग मिलमध्ये जाते आणि त्याच्या घरबांधणीच्या सळया होतात.