"ताई, हिला गाडी कोणी दिली?"

(न रुळलेल्या व्यवसायांतील स्त्रिया या विषयावरच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'वाहनचालक प्रशिक्षणाचे अनुभव' असं छापलंय. ते मी सांगणारच आहे, पण शेवटी. आधी तुम्हांला अमेरिकेतल्या एका मुलीची गोष्ट सांगायची आहे, शर्यतीच्या मोटारी चालवणाऱ्या. काही जणींच्या कपाळावर आठ्या दिसतायत. बरोबर आहे. मोटारींच्या शर्यती म्हणजे पैसेवाल्या पुरुषांचा पेट्रोल जाळायचा खेळ, त्याच्याशी आपलं काय देणंघेणं? मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रशिक्षण वर्गातल्या एका मुलीनं मोबाइलवर डॅनिका पॅट्रिकचा फोटो दाखवला आणि विचारलं, "ताई, हिला गाडी कोणी दिली?"

मला वाटलं होतं, ही विचारेल की ती किती वेगानं चालवते, तिला भीती वाटत नाही का. तिनं ते विचारलंच नाही. एमएसडब्ल्यू करताना साधनसंपत्तीच्या वाटपावर मी पानंच्या पानं लिहिली होती, तरी हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. म्हणून मी शोधायला बसले.

डॅनिका १९८२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट इथं जन्मली आणि शेजारच्या इलिनॉय राज्यातल्या रॉस्को नावाच्या लहान गावात वाढली. वडील स्वतः बर्फावरच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरलेले. आईनं अशाच शर्यतीत एका मैत्रिणीच्या गाडीची मेकॅनिकगिरी केलेली. घरचा काचेचा धंदा. दहाव्या वर्षी, १९९२ साली, ती गो-कार्ट चालवायला लागली. खरं तर हट्ट धाकट्या बहिणीचा होता, पण बहिणीनं लवकरच नाद सोडला. पहिल्याच दिवसांत डॅनिकाच्या गाडीचा ब्रेक निकामी झाला आणि ती सरळ भिंतीवर जाऊन आदळली. आपल्याकडे गोष्ट तिथंच संपली असती, नाही का? "बघ, सांगत होतो ना" असं म्हणायला सगळी आळी जमली असती. तिच्या घरच्यांनी गाडी दुरुस्त केली आणि पोरीला पुन्हा बसवलं. तेव्हा पहिल्या गाडीचं उत्तर सोपं आहे: आईबापांनी दिली. देण्यासारखं त्यांच्याकडे होतं आणि मुलीला द्यावं असं त्यांना वाटलं. या दोन गोष्टी एकाच घरात असणं किती दुर्मीळ, हे मी तुम्हांला सांगायला नको.

पुढच्या गाड्यांचं काय? गो-कार्टच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यावर सोळाव्या वर्षी शाळा अर्ध्यावर सोडून ती एकटी इंग्लंडला गेली, कारण तरुण चालक घडवण्याची तालीम तिथं कसून होते. पैसा टेक्सासच्या एका श्रीमंत कुटुंबानं घातला. २००० साली ब्रँड्स हॅच इथल्या फॉर्म्युला फोर्ड महोत्सवात ती दुसरी आली. मोठंच यश होतं ते. पण मायदेशी परतली तेव्हा तिच्यासाठी गाडी नव्हती. शर्यतीच्या जगात याला 'सीट नसणं' म्हणतात. अंगात कसब आहे, कागदावर निकाल आहेत, पण बसायला जागा नाही.

ही जागा तिला बॉबी राहल यांनी दिली. राहल म्हणजे १९८६ सालची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकलेला माणूस, नंतर टीमचा मालक. २००२ साली त्यांनी तिच्याशी करार केला आणि २००३ साली ती टोयोटा अटलांटिक मालिकेत पूर्ण वेळ उतरली. ही मालिका काय होती ते जरा सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

चाकं उघडी असलेल्या, एकाच माणसाला बसता येईल अशा गाड्यांची ही उत्तर अमेरिकेतली मालिका १९७४ साली सुरू झाली. वरच्या दर्जाच्या शर्यती ज्या ठिकाणी असत, बहुधा तिथंच, त्याच शनिवार-रविवारी याही व्हायच्या. गाड्या साधारण सगळ्यांच्या सारख्याच, १.६ लिटरचं इंजिन, त्यामुळे फरक पडायचा तो चालवणाऱ्याचा. थोडक्यात, ही मधली पायरी. खाली शिकाऊ, वर मुरलेले, आणि मध्ये ही जागा, जिथं माणसानं चुका करायच्या, गाडी ठोकायची, मेकॅनिकशी बोलायला शिकायचं, टायर कधी दगा देतो ते अंगात मुरवायचं. पुढे जगभर गाजलेला कॅनडाचा जिल व्हिलनव याच मालिकेतून वर गेला. पुरुषांसाठी ही पायरी पहिल्यापासून होती आणि तिच्यावर दोनचार वर्षं काढण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

२००३ सालच्या मोसमातली पहिली शर्यत मेक्सिकोत माँटेरे इथं झाली. डॅनिका तिसरी आली. मालिका सुरू झाल्यापासून पहिल्या तिघांत आलेली ती पहिली बाई. वर्षाअखेरीस एकूण गुणांत सहावी. दुसऱ्या वर्षी, २००४ साली, पोर्टलंडला सर्वांत वेगवान फेरी नोंदवून तिनं सुरुवातीची पहिली जागा मिळवली आणि वर्षाअखेरीस ती गुणांत तिसरी होती.

आता लक्ष द्या. या दोन वर्षांत तिनं एकही शर्यत जिंकली नाही. एकही. २००३ सालचं अजिंक्यपद ए. जे. ऑल्मेंडिंगरनं नेलं, २००४ सालचं जॉन फोगर्टीनं. तरीही तिची सीट गेली नाही. राहलनी तिला दुसरं वर्ष दिलं आणि तिसऱ्या वर्षी वरच्या इंडीकार मालिकेत गाडी दिली. २००५ साली इंडियानापोलिसच्या मोठ्या शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली, १९ फेऱ्या सर्वांच्या पुढे होती आणि चौथी आली. २००८ साली जपानमध्ये मोतेगी इथं तिनं शर्यत जिंकली. इंडीकारमधली शर्यत जिंकणारी ती पहिली बाई, आणि आजही एकमेव. इंडीकारमधली ती तिची पन्नासावी शर्यत होती. एकोणपन्नास वेळा न जिंकता तिला पन्नासाव्यांदा गाडी मिळाली, हे मला जिंकण्याहून मोठं वाटतं.

तिच्या आधी आलेल्यांना असं मिळालं होतं का? जॅनेट गथ्री भौतिकशास्त्र शिकलेली, विमान-अवकाश उद्योगात काम केलेली बाई. स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या हातानं गाड्या दुरुस्त करत वर्षानुवर्षं ती स्पोर्ट्स कारच्या शर्यतींत भाग घेत होती. १९७७ साली ती इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी पात्र ठरली, पहिलीच बाई. १९७१ सालापर्यंत तिथल्या गॅरेजमध्ये बायकांना पाऊल टाकायची परवानगी नव्हती, हे ध्यानात घ्या. शर्यत सुरू करताना 'सद्गृहस्थ हो, इंजिनं सुरू करा' अशी ललकारी देण्याची तिथली प्रथा. आता बाई आली म्हटल्यावर काय करायचं? आयोजकांचा युक्तिवाद असा, की इंजिन चालक नव्हे, मेकॅनिक सुरू करतो, आणि मेकॅनिक पुरुषच असतात, तेव्हा शब्द बदलायचं कारण नाही. जॅनेटच्या टीमनं मग स्टार्टर एका बाईच्या हातात दिला! शेवटी ललकारीत 'पहिल्या महिलेच्या सोबतीनं' एवढं जोडलं गेलं, पण सद्गृहस्थ काही हलले नाहीत. पुढच्या वर्षी, १९७८ साली, मनगटाचं हाड मोडलेलं लपवून जॅनेट नववी आली. आणि मग? पैसे देणारं कुणी मिळालं नाही. मोठ्या गाड्यांच्या जेमतेम अकरा शर्यती तिच्या वाट्याला आल्या.

सारा फिशर ही ओहायोची मुलगी. ती तर मधल्या पायरीवर न थांबताच वर पोचली. लहान ओव्हल ट्रॅकवरच्या गाड्यांतून थेट १९९९ साली, एकोणिसाव्या वर्षी. कौतुक खूप झालं. २००१ साली एका शर्यतीत दुसरी आली, आणि पुढच्या मोसमाच्या तोंडावर प्रायोजक नाही म्हणून सीट गेली. २००८ साली तिनं स्वतःची टीम काढली, तर पैसे देतो म्हणालेल्या प्रायोजकानं दिलेच नाहीत. प्रेक्षकांनी वर्गणी काढून हातभार लावला. ती टिकली हे तिचं धैर्य. २०११ साली केंटकीला तिच्या टीमनं शर्यत जिंकलीसुद्धा, चालक मात्र पुरुष होता. तिची गोष्ट मला डॅनिकाच्या गोष्टीहून जवळची वाटते, पण ते असो.

ताकदीचा मुद्दा कुणीतरी काढणारच, म्हणून सांगून टाकते. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं. दंड आणि मान दोन्ही घट्ट लागतात, आणि ते व्यायामानं कमावता येतं. बाई टिकणार नाही असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. २००५ साली डॅनिका पुढे गेल्यावर रॉबी गॉर्डन नावाच्या चालकानं तक्रार केली, की हिचं वजन १०० पौंड, म्हणजे ४५ किलो, म्हणून हिची गाडी हलकी पडते आणि हा आमच्यावर अन्याय आहे! काल बाई नाजूक म्हणून नको होती, आज हलकी म्हणून नको. त्याच वर्षी फॉर्म्युला वनचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन म्हणाले, की बायकांनी घरातल्या इतर उपकरणांसारखे पांढरे कपडे घालावेत. नंतर म्हणे विनोद होता.

आता एक अडचणीची गोष्ट. ज्या २००३ साली ती मधल्या पायरीवर आली, त्याच वर्षी पुरुषांसाठी निघणाऱ्या एका मासिकात तिचे तोकड्या कपड्यांतले फोटो छापून आले. पुढे एका इंटरनेट कंपनीच्या जाहिरातींत तेच, जास्त भडकपणे. आमच्या अभ्यासगटात यावरून चांगलंच भांडण झालं. एक मैत्रीण म्हणाली, तिचं शरीर, तिचा निर्णय. दुसरी म्हणाली, मग आपण इतकी वर्षं जाहिरातींविरुद्ध मोर्चे कशाला काढले? मला डॅनिकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. शर्यतीची गाडी पैशावर चालते, आणि बाईनं पैसा आणायचा तर तो कशाच्या बदल्यात, हे तिनं ठरवलेलं नाही. पण या सौद्याला तिची मुक्ती म्हणायलाही मी तयार नाही. तिच्याच टीममधल्या पुरुष चालकाला कपडे उतरवायला कुणी सांगत नव्हतं. आणि आणखी एक. मी ज्यांची नावं घेतली त्या सगळ्या गोऱ्या बायका आहेत. डॅनिकाच्या मागे आधी घरचा धंदा आणि मग श्रीमंत घराणं उभं होतं. दार जरासं किलकिलं झालं, तेव्हा त्यातून कोण आत गेलं हेही पाहायला हवं.

बरं, एक जिंकली म्हणून वाट रुंद झाली का? २००० ते २०१९ दर वर्षी इंडियानापोलिसच्या शर्यतीत निदान एक तरी बाई होती. २०२० साली एकही नव्हती. 'पहिली महिला' म्हणून हार घातले, फोटो काढले, पण पायरी बांधली नाही.

आता आमच्या वर्गाकडे येते. आमच्याकडून पक्कं लायसन्स मिळालेल्या मुलींची यादी लांबलचक आहे. गाडी चालवून पोट भरणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात. मला प्रश्न विचारणारी मुलगी लायसन्स मिळाल्यावर एका गाडीमालकाकडे कामाला लागली. चौथ्या दिवशी रिव्हर्स घेताना खांबाला घासून दारावर ओरखडा आला. मालकानं त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली. त्याच्याकडचा मुलगा ड्रायव्हर आठवड्यापूर्वी बंपर फोडून आला होता. त्याला शिव्या मिळाल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडीही मिळाली. मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मी काय म्हणाले असेन? "सराव कमी पडला तुझा, अजून सराव कर." तिनं विचारलं, "कशावर करू, ताई?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या प्रकल्पाच्या अहवालात 'लायसन्स मिळालेल्या लाभार्थी' असा रकाना आहे. तो भरला की आमचं काम झालं. लायसन्सनंतरचं वर्ष कुठल्याच रकान्यात नाही, म्हणून ते आमच्या डोळ्यांनाही दिसलं नाही. आम्ही मुलींना शिकाऊ गाडीतून उतरवून थेट बाजारात सोडत होतो, आणि परत आल्या की त्यांचीच चूक काढत होतो.

म्हणून दुपारच्या सत्रात आमच्या संस्थेतर्फे एक प्रस्ताव मांडणार आहोत. एक जुनी गाडी, लायसन्स झालेल्या मुलींसाठीच. वर्षभर. शेजारी अनुभवी बाई ड्रायव्हर, तिला रीतसर मानधन. शाळेची, दवाखान्याची छोटी भाडी घ्यायची, पहाटेची आणि रात्रीचीही. आणि ओरखड्यांसाठी वेगळी रक्कम आधीच बाजूला काढायची, म्हणजे पहिल्या ओरखड्याला कुणाची किल्ली जाणार नाही. देणगीदारांनी पहिल्या भेटीत विचारलं, याचा परिणाम मोजणार कसा? आम्ही अजून त्यांच्याशी भांडतोय. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे रिक्षा, टेम्पो किंवा दुरुस्ती शिकवण्याचे वर्ग आहेत, त्यांनी आपल्या मुलींचं लायसन्सनंतर, प्रमाणपत्रानंतर काय झालं ते जेवणाच्या सुट्टीत जरा आठवून ठेवा.

ती मुलगी आज इथं आली आहे, मागच्या रांगेत खांबाशेजारी बसली आहे. (खांब यावेळी तिनंच निवडला, असं ती म्हणते.) प्रस्तावातला खर्चाचा भाग तीच मांडणार आहे. डेंट काढायला कुठं किती घेतात, हे तिला माझ्यापेक्षा बरंच जास्त माहीत आहे.