ऐकणाऱ्याची मजुरी



मी मुंबईच्या गोदीत ओझं वाहतो, घर मात्र इथलं, जालना जिल्ह्यातलं. मला एकच हिशेब कळतो: कायम कोण आणि ठेक्यावर कोण.

माझी वहिनी आशा आहे. २०१५ साली सरकारनं विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला, कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्यानं फास घेऊ नये म्हणून. दारोदार विचारायचं कुणी? आशांनी. झोप लागते का, जीव नकोसा होतो का. आमच्या वस्तीतला एक म्हातारा वहिनीपुढं तासभर रडला. म्हणाला, "बाई, इतक्या वर्सांत कुणी इचारलंच नव्हतं." त्या तासाचा पगार? आशाला पगारच नसतो. काम मोजून मोबदला. रडणं कुठल्या रकान्यात मोजणार?

जिल्हा रुग्णालयात या. कायम डॉक्टर सातव्या वेतन आयोगात बसतो. करारावरचा समुपदेशक तीच माणसं ऐकतो, ठोक मानधनावर. मानधन! मान नाही नि धनही नाही. खासगीवाला मोठ्या शहरात बसतो, कारण फी देणारा तिथं. मजुरी बुडवून आलेला आपला माणूस कुठली फी देणार?

२०१७ चा कायदा म्हणतो, मानसिक उपचार हा हक्क आहे. सरकारी मनोरुग्णालयं मात्र ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. जालन्यातून भ्रमिष्ट झालेला भाऊ न्यायचा तर आधी भाडं जमवा. मग जालन्यालाही मनोरुग्णालय मंजूर झालं. बरं झालं. पण त्या खाटेशेजारी जो बसेल, तो कायम की ठेक्यावर? हे भरतीआधीच विचारायचं, भरतीनंतर नाही.