दूरसंचार : अर्थ आणि उपयोग



दूरसंचार म्हणजे केवळ तारा आणि मनोरे नव्हेत. दूरवर पाठविलेला संदेश वेळेवर पोचावा आणि त्याचे उत्तरही यावे, हा त्याचा खरा अर्थ होय.

१८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी देशातील पहिली प्रायोगिक तार टाकण्यात आली. १९७१ साली पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशांशी संपर्क सुकर झाला. तथापि खेड्यातून तालुक्याशी बोलणे दुर्घटच राहिले. आयात केलेल्या टेलिफोन केंद्रांना आपल्याकडील धूळ व उष्णता मानवत नसे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने वातानुकूलनाविना चालणारे ग्रामीण केंद्र सिद्ध केले. १९८६ साली त्यांपैकी पहिले कर्नाटकातील कित्तूर येथे कार्यान्वित झाले. साधन गावाच्या परिस्थितीला अनुरूप हवे, हाच यातील बोध.

भारतनेट योजनेतून प्रकाशतंतू ग्रामपंचायतींपर्यंत नेले जात आहेत. परंतु वीज जाताच यंत्रणा मुकी होत असेल, तर तिचा उपयोग काय? सर्पदंश वीज येण्याची वाट पाहत नाही. म्हणून पंचायत सदस्यांनी पर्यायी विजेची तरतूद करावी आणि पुराची सूचना प्रत्येक वाडीवर कोण पोचविणार, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. शिक्षकांनी मुलांना १०८ व ११२ हे क्रमांक आणि आपल्या वस्तीचा नेमका पत्ता सांगण्यास शिकवावे.

गावाच्या शेवटच्या घरातून निघालेल्या हाकेला उत्तर मिळेल, तेव्हाच दूरसंचार गावात आला असे म्हणता येईल.